पडवीतला ताप

महाडमधल्या एका खासगी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. एरवी तिथे जुन्या खाटा आणि मोडकी सलाइनची स्टँडं पडलेली असतात. जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी तिथे चौदा नर्सबाया आणि एक तरुण डॉक्टर खुर्च्या मांडून बसले होते. समोर टेबलावर प्लास्टिकचा एक पुतळा उताणा निजवलेला. त्याचं नाव कुणीतरी पहिल्याच दिवशी 'भाऊजी' ठेवलं होतं, त्यामुळे कुणाला भाऊजींची नाडी बघायला पुढे बोलावलं की मागच्या रांगेत खसखस पिकत होती. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हसायची संधी फार कमी मिळते, मिळाली की ते सोडत नाहीत.

एकटी सुरेखा हसत नव्हती. तिचं लक्ष एप्रनच्या खिशातल्या फोनकडे होतं आणि फोन तर बंद ठेवायला सांगितला होता. सकाळी आठ वाजता आईशी बोलणं झालं तेव्हा भावजयीबद्दल 'अपेक्षाचा ताप उतरला' एवढंच कळलं होतं. ताप उतरला म्हणजे बरंच झालं की! पण तेव्हापासून जिवाला काही स्वस्थता नव्हती, आणि का नव्हती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शिकवायला आलेल्या डॉ. मदिहा मूळच्या महाडच्याच. वडिलांचा ट्रकचा धंदा, लेक मुंबईला शिकून मोठ्या इस्पितळात लागली, आणि आता तालुक्या-तालुक्यांत फिरून नर्सना आणि तरुण डॉक्टरांना सेप्सिस शिकवते. अंगात जंतू शिरले, की त्यांच्याशी झुंजताना कधी कधी शरीर स्वतःचाच नाश करायला लागतं. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बसतात, माणूस दोन दिवसांत हातचा जातो. त्याचं नाव सेप्सिस. पहिल्या तासात रक्ताचा नमुना, प्रतिजैविक आणि सलाइन गेलं तर पुष्कळ लोक वाचतात. हे बाई फळ्यावर न लिहिता तोंडानेच परत परत सांगत होत्या.

मग त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. गेल्या महिन्यातले याच इस्पितळातल्या सोळा रुग्णांचे चार्ट होते ते. नाडीचे आकडे वेगळे, रक्तदाबाचे वेगळे. श्वासाच्या रकान्यात मात्र वीस, वीस, वीस. सकाळी वीस, दुपारी वीस, मरायच्या तासभर आधीही वीस.

"महाडात सगळी माणसं मिनिटाला वीसच श्वास घेतात का हो?" बाईंनी विचारलं.

सगळ्या हसल्या आणि हसता हसता गप्प झाल्या. कारण ही तिथली रीतच होती. नाडी यंत्र दाखवतं, रक्तदाब यंत्र दाखवतं. श्वास तेवढा पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजावा लागतो. दहा खाटांमागे दोन नर्स, मिनिट आणायचं कुठून? पहिल्या नोकरीत मोठ्या सिस्टरने सांगितलेलं असतं, 'वीस लिही गं', आणि तेव्हापासून हात आपोआप वीस लिहितो. सुरेखाचा हात नऊ वर्षं लिहीत होता. मदिहाबाई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की या रोगात बहुधा सगळ्यांत आधी श्वास वाढतो, आणि हा वीस म्हणजे न बघता लिहिलेलं 'बरं आहे'.

ते वाक्य सुरेखाला टोचलं. कारण अकरा दिवस तिला घरूनही तेच ऐकू येत होतं. बरं हाय. बरं हाय.

सुरेखाचं माहेर पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या पठारालगतच्या एका वाडीत. घरी आई बयाबाई, बाप रामजी, चार म्हशी, थोडी नाचणीची शेती. धाकटा भाऊ सुधीर मुंबईला कॅन्टीनमध्ये कामाला. त्याची बायको अपेक्षा, वय वर्षं बावीस, गरम पाण्याच्या कुंडांच्या सव गावची. तिला आई नाही, लहानपणीच गेली. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच करायचं ठरलं. इस्पितळात सुखरूप मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली, आणि घरी आल्या आल्या पडवीत गेली.

त्या वाडीत बाळंतिणीला बारा दिवस पडवीत ठेवतात. तिचा विटाळ. तिला कुणी शिवायचं नाही, तिने घरात यायचं नाही, गोठ्याकडे तर बघायचंही नाही, कारण बाळंतिणीला शिवलेला हात म्हशीला लागला तर म्हैस आटते असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. सुईणपण करणारी म्हातारी साळूबाई तेवढी सकाळी येऊन दोघींना न्हाऊ घालते आणि स्वतः अंघोळ करून घरी जाते. आता बयाबाई काही दुष्ट बाई नव्हती. डिंकाचे लाडू तिने मायेनं वळले होते, थंडी म्हणून शेगडीतले कोळसे कमी पडू दिले नव्हते. ती ताट उंबऱ्यापाशी ठेवायची आणि हात मागे घ्यायची, बस. आठव्या दिवशी, शनिवारी, अपेक्षाला ताप भरला. साळूबाईने दुधाचा ताप म्हणून सांगितलं आणि ओव्या-वावडिंगाची धुरी वाढवली. आरोग्य केंद्राची आशाताई चौकशीला आली तर बयाबाईने अंगणातच बरं हाय म्हणून तिला चहा पाजला आणि वाटेला लावली.

आणि सुरेखा? तिचंही सांगितलंच पाहिजे. पाचवीच्या पूजेला ती गेली होती. पडवीच्या दारात उभी राहून तिने भावजयीला विचारलं, बरं हाय ना गो? अपेक्षा म्हणाली, "बरं हाय वन्सं." पोरीचा चेहरा ओढलेला होता, ते सुरेखाने पाहिलं होतं. पण आत जाऊन हात लावायचा म्हणजे थंडीत डोक्यावरून अंघोळ, आईचं तोंड वाकडं, आणि संध्याकाळी ड्युटी. कशाला वाद, असं म्हणून ती एस.टी. पकडून महाडला आली. रोज परक्या माणसांची अंगं पुसणारी, त्यांची जखम न किळसता धुणारी ही बाई, घरच्या पडवीत हात बांधून उभी राहिली होती.

अकरा वाजता चहाची सुट्टी झाली. सुरेखाने कप घेतला नाही, जिन्यात जाऊन फोन लावला. बयाबाई खुशीत होती. उद्या बारावा, बाळंतीण न्हाऊन घरात येणार, बारसं, सुधीर सकाळच्या गाडीने येतोय, पाहुण्यांसाठी घावनाचं पीठ दळून आणलंय. सुरेखाने मधेच तोडून अपेक्षाबद्दल विचारलं.

"ताप गेला गो. सकाळपास्नं अंग गार पडलंय, साळू सांगत व्हती. निजूनच हाय. मगाशी मी ताट ठेवलं तर मलाच आई समजली. म्हनते, आई चल, सवच्या गरम पान्यावर न्हायाला जाऊ." आणि बयाबाई हसली.

 मेलेल्या आईला हाका मारणारी, गार पडलेली, उठत नसलेली बाळंतीण. लघवीला कधी गेली होती, असं सुरेखाने विचारलं तर ते बयाबाईला ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साळू अंगावरच्या कपड्यांना घाण वास येतो म्हणत होती, पण बाळंतिणीला यायचाच, असं तीच पुढे म्हणाली होती.

"आये, पडवीच्या दारात जा. आत जाऊ नको, नुसती बघ. तिची छाती वर आली की एक म्हन, परत आली की दोन. मी थांब म्हनेपरेंत मोज."

बघायला विटाळ लागत नव्हता. बयाबाई गेली. ती शाळेत गेलेली नाही, ती विसाने मोजते. वीस झाले की एक विसा आणि पुन्हा एकपासून. सुरेखाने मनगटावरच्या घड्याळात काटा धरला. पहिले तीन-चार आकडे आईने सावकाश म्हटले, मग तिची जीभ घाईला आली. बत्तिसाव्या सेकंदाला पहिला विसा झाला. सुरेखा जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"थांब. किती?"

"दोन विसांना दोन कमी," बयाबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. "अशी का गो दम खातेय ही? निजलीय तर."

अडतीस. सुरेखाने सांगून टाकलं की बारसं-बिरसं राहू दे, गाडी पाठवते, तिला लगेच खाली आणायची. इथे बयाबाई अडली. उद्या एक दिवसाचा तर प्रश्न आहे. आजच्या आज तिला उचलणार कोण? बयाबाईच्या अंगावर स्वयंपाकाचं सोवळं, घरात उद्याचा नैवेद्य, गोठ्यात दोन म्हशी नुकत्या व्यालेल्या. उद्या सकाळी न्हाली की मग न्या कुठं न्यायची ती.

सुरेखा आईपुढे कधी मोठ्याने बोलली नव्हती. आताही बोलली नाही. हळू आवाजातच म्हणाली,

"आये, मी हितं रोज परक्यांना शिवते. त्यांचा गू काढते, त्यांचं रगत पुसते. तवा तू गावभर सांगतेस, माझी पोर नर्स हाय. घरच्या पोरीला शिवाया तुला लाज वाटत आसल तर परत माझं नाव सांगू नको कुनाला. उद्यापरेंत ती ऱ्हानार नाय."

पलीकडून फोन बंद झाला.

जुल्फिकार स्वतःची रुग्णवाहिका चालवतो, महाड-पोलादपूरच्या प्रत्येक नर्सकडे त्याचा नंबर असतो. नशिबाने तो पोलादपुरातच एका पेशंटला सोडून चहा पीत होता. सुरेखाने वाडीचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, वर चढायला तास, उतरायला थोडं जास्त, आणि कप तसाच टाकून निघाला.

आता थांबायचं. यासारखं कठीण काम नाही. सुरेखाने मदिहाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वर्ग तिथेच थांबवला आणि भाऊजींना झाकून ठेवलं. पण त्या पाहुण्या. या इस्पितळात त्यांना औषध लिहायचा अधिकार नव्हता. तो होता डॉ. उबेदला, म्हणजे त्या खोलीतल्या एकुलत्या एका तरुण डॉक्टरला. पोरगा हुशार, कष्टाळू. पण मोठ्या सरांना विचारल्याशिवाय भारी प्रतिजैविकाला हात लावायचा नाही ही त्या इस्पितळाची शिस्त, आणि सर माणगावला दुसऱ्या इस्पितळात, फोन बंद. उबेद म्हणाला की पेशंट येऊ दे, सरांचा फोन लागला की लगेच सुरू करू.  सुरेखाने खाट लावली, ऑक्सिजन तपासला, नमुन्याच्या बाटल्यांवर नाव लिहून ठेवलं. मग फाटकापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. वॉचमनने तिसऱ्या वेळी तिला बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही.

दोनला वीस मिनिटं कमी असताना गाडी आली. मागचं दार उघडलं तर आत बयाबाई मांडी घालून बसलेली, मांडीवर अपेक्षाचं डोकं, दोन्ही हातांनी पोरीला घट्ट धरलेलं. साळूबाई बाळ घेऊन कोपऱ्यात. वरती काय घडलं ते जुल्फिकारने नंतर सांगितलं. अंगणात सगळी वाडी जमली होती आणि पडवीत एक माणूस पाय ठेवत नव्हता. शेवटी तोच म्हणाला, मी उचलतो. त्यावर बयाबाई पुढे झाली. परक्या माणसानं माझ्या सुनेला उचलायचं आणि मी बघत राहायचं का, असं म्हणाली आणि सोवळ्याच्या लुगड्यानिशी आत शिरली.

श्वास चाळीस. रक्तदाब वरचा सत्तर. हातपाय बर्फासारखे, डोळे उघडे पण ओळख नाही. गर्भाशयात पू झाला होता, वासावरूनच कळत होतं. सुरेखाने दोन हातांना दोन सुया लावल्या, नमुने घेतले, सलाइन सोडलं. प्रतिजैविकाची बाटली हातात घेऊन ती उबेदकडे वळली. तो तिसऱ्यांदा सरांना फोन लावत होता.

"डॉक्टर, लिहा," ती म्हणाली. "नाही लिहिलंत तर तेही मी चार्टवर लिहीन, वेळ घालून."

उबेदने मदिहाबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्याने फोन खिशात घातला, पेन काढलं आणि लिहिलं. अपेक्षा दारातून आत आल्याला तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. त्या इस्पितळात एवढ्या लवकर हे औषध आजवर कुणाला मिळालं नव्हतं. तासाभराने सर आले, कागद चाळले, कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि त्यांनी उबेदच्या पाठीवर थाप मारली.

सगळं वेळेत झालं. आणि अपेक्षा गेली.

गुरुवारी सकाळी गेली. आधी मूत्रपिंडं थांबली, मग रक्तदाब कुठल्याच औषधाला दाद देईना, मुंबईला हलवण्यासारखी अवस्था राहिलीच नव्हती. सुधीर बुधवारी बारशासाठी मुंबईहून निघाला तो घरी न जाता महाडच्या डेपोतच उतरला. त्याने आईला काही विचारलं नाही. बहिणीला मात्र विचारलं, ताई, तू पाचवीला आली व्हतीस ना? सुरेखा हो म्हणाली. दारात उभी होते, हात लावला नाही, असंही म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यापेक्षा त्याने दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

मदिहाबाईंनी मुंबईला परतायच्या आधी तिला कॅन्टीनमध्ये बसवलं. तिची समजूत घालायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पहिला तास आपण पाळला, सिस्टर. पण तो मंगळवारी सुरू झालाच नव्हता. तो शनिवारी पडवीत सुरू झाला होता." सुरेखा बराच वेळ रडली. मग तिने विचारलं की प्रशिक्षणाचा तिसरा दिवस राहिलाय, तो इथे न घेता वर वाडीत घ्याल का. मशीन नको, भाऊजी नकोत. बाई लगेच हो म्हणाल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रामजीच्या अंगणात पंचवीसएक बायका जमल्या. मदिहाबाई जमिनीवरच बसल्या होत्या. बाळंतिणीचा श्वास कसा मोजायचा, ताप उतरून अंग गार पडलं तर खूश का व्हायचं नाही, कपड्याचा वास कधी वाईट, हे त्यांनी सोपं करून सांगितलं. बायका माना डोलावत होत्या. आता माना डोलावणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. पाहुणी निघून गेली की झालं. विटाळाचा विषय निघाला तशा माना थांबल्या. साळूबाई म्हणाली, देवाचं आहे ते, त्यात डॉक्टरनं पडू नये. सुरेखा उत्तर द्यायला उठणार तोच बयाबाई उठली. दीड महिन्याची नात तिच्या खांद्यावर होती.

"मी माज्या सुनंला शिवले तो मंगळवार व्हता," ती म्हणाली. "घरी आल्यावर पयलं मी ह्यांना म्हशींचं इचारलं. मेली ती पोर, आन मी म्हशींचं इचारलं. तर म्हशींनी रोजच्याएवढंच दूध दिलं व्हतं. घोटभर बी कमी नाय. त्या दिशी नाय, दुसऱ्या दिशी नाय, आन आता ह्याच हातांनी धार काढते तर आज बी नाय. चार दिस आधी शिवले आसते तरी नसत्या आटल्या."

 रामजी गोठ्याच्या दारात पाठ करून उभा होता.

मग मागे बसलेली स्नेहल उभी राहिली. शेजारच्या चंद्रभागेची ही सून, आठवा महिना लागलेला, हात जमिनीला टेकून तिला उठावं लागलं.

"मी पडवीत नाय बसनार," ती म्हणाली.

चंद्रभागेने तिचा पदर धरून खाली ओढला. आमच्या घरात चालत आलंय ते चालणार, तुला चार पोरी जमवून भाषणं करायची असतील तर तुझ्या माहेरी कर, असं ती दबक्या आवाजात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मंग हिला माज्याकडं धाड, चंद्रभागे," बयाबाई म्हणाली. "घरात मधल्या खोलीत हिची खाट टाकते. मी शिवन हिला. माझं घर रिकामंच हाय."

चंद्रभागेच्या हातातून पदर सुटला.  स्नेहल खाली बसली नाही.